हात खंय गेलो?

घाटावरच्या एका दुकानदाराने मला आग विझवायचे आठ बाटले भरलेले म्हणून विकले. ते निकामी होते आणि ते त्याला माहीत होतं. किंमत मी मोजली, पण त्याची खरी भरपाई केली ती तळेऱ्याच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींच्या दोन हातांनी. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी मेस्त्रींबद्दल मायेने लिहिणार आहे, त्यावरून माझा राग निवला असं कोणाला वाटायला नको.

मेस्त्री जीपमध्ये आगीचा बाटला बसवायचे तेव्हा टेप लावायचे नाहीत, खडूची खूण करायचे नाहीत. जो माणूस ती जीप चालवणार त्याला सीटवर बसवायचे आणि त्याच्यासमोर उभे राहून, हवा-पाण्याच्या गोष्टी कराव्यात अशा आवाजात म्हणायचे, "डोळे मीट. आग लागली." ड्रायव्हरचा हात दचकून जिथे जाईल तिथे ते आपलं बोट टेकवायचे. मग विचारायचे, "हात खंय गेलो? बघ." त्याच जागी भोक पाडायचे. एखाद्याचा हात पहिल्यांदा दरवाजाकडे जायचा, दुसऱ्यांदा गियरकडे. असं चार-पाच वेळा झाल्यावर हात एक जागा धरायचा. तोवर मेस्त्री ड्रिलला हात लावत नसत.

"आग लागली की धूर येता," ते सांगायचे. "धुरात डोळे काय कामाचे नाय. हाताक ठावक आसाक होया."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझ्या तेव्हा दोन जीपा होत्या, लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या, चारही चाकांना जोर असलेल्या. त्याआधी मी जामसंड्यात आंब्याच्या पेट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या, त्यामुळे त्या जीपांचा मला कोण अभिमान. कलमांच्या बागा वर कातळावर, तिथे ट्रक चढत नसे. पेट्या माझ्या जीपांनी उतरायच्या आणि तळेऱ्याला मोठ्या ट्रकवर चढायच्या. आंब्याच्या पेटीत गवताचा पेंढा असतो. उन्हाळ्यात कातळावरचं गवत वाळून कागदासारखं होतं आणि चालत्या जीपच्या पोटात जाऊन सायलेन्सरला चिकटतं. खाली तापलेलं लोखंड आणि वर पेंढ्याच्या पेट्या, अशी आमची वाहतूक. मेस्त्री जीप गॅरेजात आली की आधी तिच्याखाली आडवे होऊन मूठमूठ गवत ओढून काढायचे आणि ते माझ्या पायाशी टाकायचे. "ह्या बघ. चूल पेटवूक फुकट."

आमच्याकडच्या जीपवाल्यांची मात्र एक वेगळीच रीत होती. गाडीच्या पासिंगला लाल बाटला दाखवावा लागतो म्हणून पाच-सहा जणांत मिळून एकच बाटला होता. ज्याचं पासिंग त्याच्या गाडीत तो सुंभाने बांधायचा, आणि काम झालं की पुढच्याकडे पाठवायचा. मीही त्यातलाच. मेस्त्रींना या प्रकाराचा तिटकारा होता. "देवळाच्या दारातलो नारळ तो," ते म्हणत. "रोज नव्या माणसाच्या हातात, पण फुटूचो कधीच नाय."

शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं की ज्या जीपमध्ये स्वतःचा बाटला नाही त्या जीपचं कसलंच काम करणार नाही. गियरबॉक्स उघडून मिळेना म्हटल्यावर सगळे नरमले. आठ जीपांसाठी खरेदीला मी गेलो, कारण भाव करण्यात माझा हात कोणी धरत नसे.

त्या दुकानात मी तीन वेळा उठून चपला घातल्या. तिसऱ्या वेळी शेठने हात जोडले, मी म्हणेन त्या भावाला माल दिला आणि वर चहा मागवला. बाटले घेऊन परत आलो आणि हा पराक्रम मी गॅरेजात रंगवून सांगितला. मेस्त्री ऐकत होते.

"हरलेलो माणूस चाय पाजता रे?" त्यांनी विचारलं.

"जिंकलेल्याक पाजूक लागता, मेस्त्रीनू."

"कोण जिंकलो ता बाटलो सांगतलो."

मग त्यांनी एकेक बाटला दोन्ही हातांत तोलला, उलटा केला, कानाशी धरून हलवला. अशा बाटल्यात पावडर असते आणि गॅसची एक छोटी नळी असते. वरच्या बटणावर बुक्की मारली की सुई त्या नळीला भोक पाडते आणि गॅस पावडरीला बाहेर फेकतो. पावडर वजनावरून कळते. नळी भरलेली आहे की वापरून रिकामी झालेली, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

"वजन बरोबर आसा," मेस्त्री म्हणाले. "पण माका आत बघूचा आसा."

"सील तोडू नुकात, मेस्त्रीनू. कागदार लिवलला आसा, सील तुटला तर ग्यारंटी गेली. आणि सोमवारी पासिंग आसा."

"ग्यारंटी कागदाक आसा. बाबल्याक आसा काय?"

बाबल्या म्हणजे माझ्या पहिल्या जीपचा ड्रायव्हर. मी आवाज चढवला. बाटले मी आणलेत, पैसे माझ्या हातून गेलेत, सील तुटलं तर बदलून कोण देणार, असं बरंच बोललो. मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. आयुष्यात एकदाच ते माझ्यापुढे हरले.

बसवण्याचं काम मात्र त्यांनी देखणं केलं. लोखंडी पट्टीची दोन कडी, आत जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे कातळावर जीप कितीही उधळली तरी बाटला खडखडायचा नाही. वर एक चाप, अंगठ्याने दाबला की बाटला हातात. बाबल्याचा हात सीटच्या डाव्या अंगाला, गुडघ्यापाशी जायचा. तिथे बसवला. दुसरी जीप मी चालवायचो, म्हणून मलाही सीटवर बसावं लागलं.

"डोळे मीट. आग लागली."

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला. तिथे नोटा होत्या. गॅरेजातले सगळे हसले.

"ह्येचो बाटलो खिशातच बसवूक होयो," मेस्त्री म्हणाले. दुसऱ्यांदाही हात खिशाकडेच निघाला होता. सातव्या वेळी तो सुधारला.

सोमवारी पासिंग झालं. हंगाम चालू झाला. मेस्त्री दर पंधरवड्याला बाटले काढून उलटे करून झटकायचे. पावडर एका जागी बसून राहिली तर दगड होते. "पावडरीक झोप येता," म्हणायचे, "तिका उठवूक लागता." भरलेल्या बाटल्याची जेवढी सेवा करावी तेवढी त्यांनी त्या फसव्या बाटल्यांची केली. हे आठवलं की माझ्या मुठी अजून वळतात.

मे महिन्यातली दुपार. कातळावरून दोन्ही जीपा उतरत होत्या. पुढे बाबल्या. त्याच्या शेजारी मेस्त्री, कारण त्या जीपचा गियर उतारावर निसटत होता आणि त्यांना तो चालत्या गाडीत ऐकायचा होता. सीटच्या मागच्या थोड्या जागेत पेट्या भरणाऱ्या दोन बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे फळीपर्यंत पेट्याच पेट्या. मागच्या जीपमध्ये मी. पुढच्या जीपच्या पोटाखालून धूर निघालेला मी पाहिला आणि हॉर्न दाबून धरला. गाडी थांबेपर्यंत ज्वाळा तळाच्या फटींतून वर आली होती.

बाबल्याचा हात थेट बाटल्यावर गेला. चाप सुटला, बाटला हातात आला, बटणावर बुक्की बसली. काही झालं नाही. बाटल्याच्या तोंडातून चिमूटभर पावडर पीठ सांडावं तशी सांडली. मेस्त्रींनी त्याच्या हातातून बाटला घेऊन तीन-चार बुक्क्या मारल्या. तोवर मी माझा बाटला घेऊन धावत आलो. त्या दिवशी माझा हात खिशाकडे गेला नव्हता. मीही बुक्की मारली. तेच.

पेंढा पेटला. बायका आत अडकल्या होत्या. पुढे सीटची लोखंडी चौकट, मागे पेट्या. मेस्त्रींनी बाटला फेकला आणि पेटलेल्या पेट्या हातांनी ओढून बाहेर टाकायला सुरुवात केली. बाबल्या आणि मी दुसऱ्या बाजूने ओढत होतो, पण आग त्यांच्या बाजूला जास्त होती आणि त्यांनी ती बाजू सोडली नाही. दोघी बायका जिवंत निघाल्या. एकीची वेणी जळाली, दुसरीची पाठ पोळली. मेस्त्रींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून गेले होते.

त्याच संध्याकाळी मी बाकीच्या जीपांतले सहा बाटले काढून गॅरेजासमोर ओळीने मांडले आणि रागाच्या भरात सगळ्यांची सीलं तोडली. सहाही नळ्यांना आधीच भोकं पडलेली होती. कोणीतरी वापरून टाकलेल्या नळ्या, वर ताजं सील. मला तेव्हा कळलं नाही की पुरावा मी माझ्याच हाताने मोडतो आहे. जे मेस्त्रींना करू दिलं नाही ते मी केलं, पण उलट्या वेळी.

मेस्त्रींना भेटायला दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांचे हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. मी म्हटलं, "मेस्त्रीनू, सील मी तोडूक देवक नाय."

त्यांनी विचारलं, "बाबल्याचो हात खंय गेलो?"

"बाटल्यार."

"पयल्याच झटक्यात?"

"पयल्याच."

"मगे माझा काम चुकूक नाय." मग म्हणाले, "तुझा चुकला. ता तू बघ."

ते बघायला मी घाटावर त्या दुकानात गेलो. शेठ गल्ल्यावर होता. मी सहा नळ्या त्याच्यासमोर ओतल्या. त्याने एक उचलून पाहिली, परत ठेवली आणि म्हणाला, "सील तुम्ही तोडलंत. आता आत काय होतं ते आम्ही कसं सांगायचं?" मी मेस्त्रींच्या हातांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण पासिंग झालं ना तुमचं?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्याचा फायदा त्यालाच झाला. पोलीस चौकीत बसून मी माफीनामा लिहून दिला, स्वच्छ अक्षरात, खाली सही. त्याने मला काहीच लिहून दिलं नाही. घाट उतरताना आम्हा दोघांत चूक लिहून दिलेला माणूस एकटा मी होतो.

मेस्त्रींची बोटं पुढे आत वळली ती वळलीच. पान्हा धरता येईना, विडी दुसऱ्याने तोंडात द्यावी लागे. तरी ते रोज गॅरेजाच्या बाकावर येऊन बसायचे. जीप आली की ड्रायव्हरला सीटवर बसवून तेच सांगायचे, आणि हात पोचला की कोपराने जागा दाखवायचे, "हय मार भोक." एक नियम त्यांनी वाढवला होता. बाटला त्यांच्यासमोर उघडायचा, नळी काढून दाखवायची, मगच बसवायचा. दुकानदार कुरकुर करायचे, सील तुटतं म्हणून. मेस्त्री आपले हात गुडघ्यांवर उलटे ठेवायचे. मग ते स्वतःच सील तोडून द्यायचे.

एका चतुर्थीच्या आधी ते गेले. शेवटच्या भेटीत मला म्हणाले, "तुझी जळलली जीप भंगारात दिलंस?"

"दिलंय. बाटल्याची कडी मात्र काढून ठेवलंय."

"चाप चलता?"

"चलता."

"तेल घाल मगे," म्हणाले. बस एवढंच.

ती कडी माझ्याकडे आहेत. रबर वितळलंय, पट्टी काळी पडलीय, चाप अंगठ्याने दाबला की अजून सुटतो. पुढे माझ्या गाड्या वाढल्या आणि प्रत्येक ड्रायव्हरला मी सीटवर बसवून डोळे मिटायला लावलं. लोकांना वाटतं मी मेस्त्रींची आठवण जपतो. जपतोच, पण मी वाटही बघतो आहे.

शेठ, तुझं नाव मी लिहीत नाही, तुझं तुला कळेल. माझी चूक मी मेस्त्रींसमोर कबूल केली, थपडेची तुझ्यासमोर लिहून दिली. तुझी अजून बाकी आहे. तू कुठे असशील तिथून तळेऱ्याला ये. फाट्यावर माझी जीप उभी असेल. त्या सीटवर बस आणि डोळे मीट. मी हळू आवाजात सांगेन, आग लागली. तुझा हात जिथे जाईल तिथे जाऊ दे, मी अडवणार नाही. मग डोळे उघड, आणि मेस्त्रींचे दोन हात कोणी घेतले ते माझ्या तोंडावर सांग.