चिंचेच्या चढावरचा सोमवार

अर्जुनानं सांगलीच्या वाटेवरल्या चिंचेच्या चढावर बाई ठेवली आहे, ही बातमी कुसाळवाडीत शहात्तर सालच्या उन्हाळ्यात आली आणि पेरण्या व्हायच्या आत मुरली. तिथल्या छपराला चंद्राबाईचं छप्पर म्हणत, म्हणून बाईचं नाव चंद्राबाई. गावातल्या एकानंही तिला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं ती देखणी असण्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सगळ्यात चविष्ट भाग म्हणजे वार. अर्जुना तिच्याकडं थांबायचा तो फक्त सोमवारी. रविवार घरच्या बायकोचा, सोमवार तिकडचा. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, गडी सोमवारचा उपास इथं धरतोय आन चिंचेखाली सोडतोय.

बातमी आणली हंबीररावानं. हा पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. त्या वर्षी तो कवळी बसवायला ओळीनं चार सोमवार सांगलीला गेला. येताना एष्टीत खिडकीला बसायचा. चारातल्या तीन सोमवारी त्यानं चढावरच्या छपराला टेकून उभी असलेली अर्जुनाची सायकल पाहिली. हँडलला लाल गोंडा, मागं कॅरिअरला डब्याची पिशवी. "मिलिटरीची नजर हाय, चुकायची न्हाई," असं तो पारावर म्हणाला. कवळी नवी असल्यानं प्रत्येक वाक्याला बारीक शिट्टी वाजत होती, पण म्हणून कुणी एक शब्द सोडला नाही.

तो गोंडा अर्जुनाच्या बायकोनं, राहीबाईनं, स्वतःच्या हातानं बांधला होता. तिला ही बातमी सगळ्यात शेवटी कळली. तो गावचा नियमच आहे.

अर्जुना सांगलीतल्या एका सूतगिरणीत अडुसष्ट सालापासून कामाला होता. ब्लोरूम म्हणून खातं असतं, तिथं कापसाच्या गाठी फोडायच्या आणि यंत्रात पिंजायला घालायच्या. गाव ते गिरणी चौदा मैल. पुढं सरकारनं रस्त्याकडेचे मैलाचे दगड बदलून किलोमीटरचे लावले आणि चौदाचे बावीस झाले. गाव हसलं, म्हणालं, अर्जुना, रस्ता वाढला रं तुझा. तो म्हणाला, वाढू दे, उतरणी पण वाढल्या असतील.

गिरणीत आजूबाजूच्या गावचे पुष्कळ गडी होते. ते सांगलीत चौघं-चौघं मिळून खोली करून राहायचे, खानावळीत जेवायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. कुसाळवाडीचाच लालासाहेब तसा राहायचा. सायकलीनं किती लांबून कामाला यावं, यावर गिरणीच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रोज वाद चालायचा. लालासाहेबाचा हिशेब ठरलेला होता. चार मैल म्हणजे फेरफटका, आठ मैल म्हणजे मर्दुमकी, त्याच्या पुढं म्हणजे डोक्यात फरक. अर्जुना ऐकून घ्यायचा. सुरुवातीला तोही तीन आठवडे खोलीवर राहिला होता, आणि चौथ्या सोमवारी कुणाचीशी जुनी सायकल घेऊन त्यानं सुटका करून घेतली होती. त्याचं माप वेगळं होतं. गावाजवळच्या ओढ्यावर आला की तो घंटी वाजवायचा. ती ऐकून राही तवा चुलीवर ठेवायची. तो हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगायची. ती भाकरी हाताला चटका देते आहे तोवर अंतर लांब झालं नाही, असं तो म्हणायचा.

लेक लग्न होऊन कवठे महांकाळकडं गेली, सासू गेली, आणि घरात ही दोघंच राहिली. बाकीच्या बायकांचे नवरे शेजारच्या रानात असून दिवस मावळल्यावर घरी यायचे. राहीचा नवरा बावीस किलोमीटरवरून सव्वापाचला दारात हजर. बायका तिला टोमणे मारायच्या, की तुझ्या पदराला चुंबक बांधलाय का गं. राही वरवर रागवायची.

चौऱ्याहत्तरपासून सोमवार बिघडायला लागले. आधी अर्धा तास उशीर, मग तास, मग दोन तास. पुढं आणीबाणी आली, एष्ट्या वेळेवर यायला लागल्या, आणि सोमवारी अर्जुना तेवढा दिवे लागल्यावर. घंटी वाजायची, पण एकदाच, तीही दमलेली. चेहरा राखेसारखा. भाकरी दोन घास खाऊन तो भिंतीला पाठ लावून बसायचा. राहीनं विचारलं तेव्हा म्हणाला, सोमवारी यंत्रांची साफसफाई असते, मुकादम सोडत नाही.

त्याला खोकला झाला होता, चालताना धाप लागायची. त्यावर साऱ्या गावाचं एकमत होतं की सायकलीनं त्याची छाती खाल्ली. माणसाची छाती काय लोहाराचा भाता आहे का, रोज चौदा मैल जाणं आणि चौदा मैल येणं. राही त्याच्या छातीला तेल चोळायची. शुक्रवार-शनिवारपर्यंत तो जरा सावरायचा. रविवारी तर अगदी ठणठणीत, गोठ्याची कुडं बांधायचा, शेजारच्या पोरांना सायकलवर बसवून आणायचा. आणि सोमवारी पहाटे चाकात हवा भरताना तोंडानं शीळ घालायचा.

शीळ राहीच्या कानांत राहिली. आधी तिला त्यात काही वाटलं नव्हतं. शेजारच्या साळूबाईनं एक दिवस पाणवठ्यावर घागर उचलून देता देता, मायेनंच म्हणे, सगळं तिच्या कानावर घातलं. छप्पर, गोंडा, चंद्राबाई, वार. मग मात्र ती शीळ रोज नव्यानं ऐकू यायला लागली. जाताना खुशीत आणि येताना गाळण झालेला. सोमवारीच. दोन आणि दोन चार करायला शाळेत जावं लागत नाही.

तिनं नवऱ्याला काहीच विचारलं नाही. विचारून तो हो म्हणाला असता तर काय करायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. पण एका रविवारी लालासाहेब गावात आला तेव्हा तिनं त्याला चहाला बोलावलं आणि गप्पांच्या ओघात, काही विशेष नसल्यासारखं, गिरणीतली यंत्रं कधी साफ करतात ते विचारलं.

"शनवारी," लालासाहेब म्हणाला. "दर शनवारी, सुट्टीच्या आदी. का वं वैनी?"

"काय न्हाई. ह्यांचं कापडं लय मळत्यात म्हून इचारलं."

त्या आठवड्यात तिनं रोज भाकरी थापली, रोज तवा ठेवला. पुढच्या सोमवारी अर्जुना सात वाजता आला. पाणी प्यायला, भिंतीला टेकला. राही चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं मागं वळून न बघता सांगितलं.

"आता सायकल पुरे झाली. सांगलीत खोली बगा."

अर्जुनानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "का गं?"

"चौदा मैल लय झालं. धाप लागती तुमास्नी. सारं गाव बोलतंय."

"गाव कवा बोलत न्हाई? आठ वर्सं बोलतंय."

"आता मी बोलतीया."

"आन भाकरी?"

"खानावळीत मिळंल की. समद्यास्नी मिळती."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला ओसरल्यावर त्यानं विचारलं, "किती लांब झालं म्हंजी लांब झालं, राहे? तूच सांग. कालपातूर न्हवतं झालं."

तिच्या जिभेवर चिंचेचा चढ आला होता. तो तिनं गिळला. धापेचं कारण चांगलं होतं. कुणालाही सांगता येण्यासारखं, अब्रूचं. आणि त्याच्या आड खरं कारण बेमालूम मावत होतं. खोली घेतली की तो शनिवारी एष्टीनं येणार, सोमवारी एष्टीनं जाणार, आणि चिंचेच्या चढावर एष्टी थांबत नाही.

"झालं आता," ती म्हणाली.

"तू म्हणतीस तर झालं," अर्जुना म्हणाला. तो भांडेल असं तिला वाटलं होतं. भांडला असता तर तिनंही तोंड उघडलं असतं. पण त्यानं मान खाली घातली. चोरीत सापडलेल्या माणसासारखी घातली असं तिला त्या वेळी वाटलं, आणि तिची उरलीसुरली शंका गेली.

खोली मिळाली ती गिरणीच्या भिंतीला लागून, ब्लोरूमच्या मागच्या चाळीत. लालासाहेबानं फार कौतुकानं सांगितलं, की दारातून उडी मारली तर कामावर. खिडकी उघडली की पिंजलेल्या कापसाचा भुगा आत येऊन भांड्यांवर बसायचा. संध्याकाळी करायला काही नसल्यानं अर्जुना दुसऱ्या पाळीलाही उभा राहू लागला. सायकल गावात गोठ्याच्या आढ्याला टांगली. पारावर हंबीररावानं जाहीर केलं, की बघा, आता कसा गडी सुधारला. गावाला वाटलं, राहीनं डोकं चालवलं. राहीलाही तसंच वाटलं. शनिवारी तो एष्टीतून उतरायचा तेव्हा तिला जिंकल्यासारखं व्हायचं.

पण उतरणारा माणूस दर शनिवारी थोडा कमी होत गेला. पूर्वी तो शनिवारी सावरलेला असायचा. आता रविवार संपला तरी सावरेना. एष्टीच्या थांब्यापासून घरापर्यंतच्या अर्ध्या मैलात दोनदा बसू लागला. सायकल बंद होऊन वर्ष झालं तरी छातीचं दुखणं का वाढतं आहे, याचं गावाला कोडं पडलं. आधीच्या आठ वर्षांचं आता बाहेर पडतंय, असं साळूबाई म्हणाली आणि ते सगळ्यांना पटलं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात लालासाहेबानं माणूस धाडून राहीला सांगलीला बोलावून घेतलं. दवाखान्यात अर्जुना बसूनच होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. राहीला बघून त्यानं हात हलवला, बोलायला दम नव्हता. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं राहीला बाजूला घेऊन किती वर्षं काम, कुठल्या खात्यात, असं एकेक विचारलं. मग त्यानं विचारलं, "सुरुवातीला त्रास सोमवारी जास्त व्हायचा का?"

राहीनं पदर पुढं ओढला. गावाची बातमी सांगलीच्या डॉक्टरपर्यंत पोचली, या लाजेनं तिचे कान तापले. ती जमिनीकडं बघत राहिली. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "बाई, नीट आठवा. रविवारी बरं आणि सोमवारी वाईट, असं होतं का?"

"व्हय," ती म्हणाली.

"हो ना? तसंच असतं. कापसाची बारीक धूळ. एक दिवस सुट्टी झाली की छाती मोकळी होते, आणि परत कामावर गेलं की पहिल्याच दिवशी आवळते. कालांतरानं रोजच आवळायला लागते. ते खातं तेव्हाच सोडायला पाहिजे होतं."

"आन सायकल? चौदा मैल सायकल मारायचे."

"सायकलनं हे होत नाही," डॉक्टर म्हणाला. "सायकलवर होते तेवढा वेळ तरी ते धुळीच्या बाहेर होते. सायकल का सोडली?"

राहीकडं याला उत्तर होतं, पण ते डॉक्टरला सांगण्याजोगं नव्हतं. ती परत खाटेजवळ जाऊन बसली. त्याच्या पाठीला उशी लावून तिनं ती दोन दिवस हातानं धरून ठेवली. एवढ्या वेळात कितीदा तरी तिनं ओठ उघडले. तो डोळे मिटून श्वास घेण्याचं काम करत होता, आणि त्या कामात त्याला दुसरं काही ऐकायला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ते कामही सुटलं.

दिवसकार्य झाल्यावर राही घरात कुणाला न सांगता निघाली. एष्टी चढावर थांबत नव्हती, म्हणून अलीकडच्या गावात उतरून तिनं दोन मैल पायपीट केली. छप्पर दिसलं. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं होतं. राहीनं विचारलं, चंद्राबाई कुठं हायती. म्हातारी म्हणाली, मीच की, तू कोण? राहीनं सांगितलं. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तिला सावलीत बसवून घेतलं.

"दोन वर्सं झाली, फिरकला न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं बदली झाली का काय. बरा हाय का?"

राहीनं मान हलवली. म्हातारीला ती कशी हलली ते दिसलं नसावं, कारण ती पुढं बोलतच राहिली. सोमवारी चढ चढताना तो मध्येच सायकलवरून उतरायचा, ढकलत यायचा, आणि तिथं घोंगड्यावर उताणा पडायचा. ती कोमट पाणी द्यायची. घरी सांगत का नाहीस, असं तिनं त्याला कितीदा तरी विचारलं होतं.

"म्हनायचा, घरी कळलं तर सायकल बंद करतील. मग खोलीवर ऱ्हावं लागंल. म्हनून त्वांडावरचा घाम पुसून, दम खाऊन, मग जायाचा."

चंद्राबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. सोमवारी पाळी सुटल्यावर अर्जुनाला श्वास घेता येत नसे, म्हणून तो तिच्या छपरात पडून राहायचा.