भाताच्या खाचरातलं स्टेडियम

आमच्या बदलापूर गावाला स्टेडियम होतं असं मी सांगतो, तेव्हा आताचे बदलापूरकर माझ्याकडे संशयानं बघतात. मग विचारतात, "पाडलं का?" पाडायचं काय, ते आम्ही दरवर्षीच पाडत होतो. जूनमध्ये स्टेडियम मोडायचं, त्यात भात लावायचं, दिवाळीला भात कापायचं आणि मग पुन्हा स्टेडियम बांधायला घ्यायचं. जगात याहून मोठी स्टेडियमं असतील, नाही म्हणत नाही. पण ज्याच्या पीचवरचा कोलम तुम्ही पुढच्या संक्रांतीला जेवलात, असं एक तरी दाखवा.

ऐंशीच्या दशकात हे सुरू झालं. मी तेव्हा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जात होतो आणि उरलेल्या वेळात आमच्या क्रिकेट मंडळाचा सेक्रेटरी होतो. खरं सांगायचं तर सेक्रेटरी आधी, कंपनी नंतर. गावात मला कुणी नावानं हाक मारायचं नाही. "ए सेक्रेटरी" हेच नाव. लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलीच्या मामानं घरच्यांना विचारलं होतं, "मुलगा सरकारी सेक्रेटरी आहे का?" आणि आमच्या घरच्यांनी फार घाईनं चहा पुढे केला होता.

टेनिस बॉलचं क्रिकेट म्हणजे आमच्याकडे पोरखेळ नव्हता. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, वांगणी इथून टीम यायच्या आणि त्यांत चक्क पैसे घेऊन खेळणारे खेळाडू असायचे. अशा खेळाडूंना बोलवायचं तर मैदान हवं, आणि गावात सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. भात कापलं की आम्ही कोयते घेऊन खुंट काढायचो, मधले बांध फोडून माती पसरायचो आणि अंबरनाथहून आणलेला एक रिकामा ड्रम रेतीनं भरून बैलांना जुंपायचो. तो आमचा रोलर. पीचला वारुळाची माती, वर शेणाचा हात. बॉल असा उडायचा की बाहेरगावचे बॅट्समन आधी पीचला हात लावून बघायचे आणि मग तो हात कुठं पुसावा या विवंचनेत पहिल्याच बॉलला आऊट व्हायचे.

प्रेक्षकांसाठी बैलगाड्या आणि पेंढ्याच्या उडव्या. रानडुकरं हाकायला शेतात जो राखणीचा माळा असतो, त्यावर लाउडस्पीकरचा माईक घेऊन मी. डुकरांना ओरडून जेवढा परिणाम व्हायचा, तेवढाच माझ्या कॉमेंट्रीचा खेळाडूंवर व्हायचा. आणि पाहुण्यांसाठी सोफे! हे सोफे उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी फर्निचरवाल्याचे. बदल्यात त्याच्या दुकानाचा बोर्ड बाउंड्रीवर. टेम्पोतून सोफे उतरवताना तो स्वतः उभा राहायचा आणि एकच गोष्ट बजावायचा, "साईं, प्लास्टिक मत निकालना." त्यामुळे सरपंच, फौजदार आणि शाळेचे हेडमास्तर भर उन्हात प्लास्टिकवर बसून सामना बघायचे. बक्षीस द्यायला उठले की आधी चर्र असा आवाज यायचा आणि मग टाळ्या.

हा फर्निचरवाला एकदा जुलैत नवा बोर्ड लावायला आला. मी त्याला बांधावर नेलं. समोर हिरवंगार भात, त्यात गुडघाभर पाणी, पाण्यात बगळे. त्यानं बराच वेळ बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "स्टेडियम किधर गया?"

"इथेच आहे शेठ. खाली आहे."

"और मेरा बोर्ड?"

"तो दिवाळीनंतर वर येईल."

त्यानं बोर्ड परत टेम्पोत टाकला. पण पुढच्या थंडीत सोफे घेऊन हजर झाला, हे महत्त्वाचं.

आता या स्टेडियमची खरी मेख सांगतो. पीचच्या आजूबाजूची दोन मोठी खाचरं दोन सख्ख्या भावांची होती. बापानं वाटण्या करून मधे एक बांध घातला आणि त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. आम्ही थोरल्याला तात्या म्हणायचो आणि धाकट्याला काका. जमीन मिळायची तीही या अबोल्याच्या जोरावर. तात्यांकडे गेलं की मी म्हणायचो, "काकांनी दिली." तात्या म्हणायचे, "तो देतो तं मी काय भिकारी हाय?" मग काकांकडे जाऊन म्हणायचं, "तात्यांनी दिली." इतकी वर्षं मैदान असं मिळालं आणि दोघांपैकी आधी कोणी दिलं, हे त्या दोघांना कळलंच नाही.

दोघांची अट मात्र एकच होती. पावसाआधी तो बांध होता तिथं, होता तसा पुन्हा घालून द्यायचा. ज्यांना शेती ठाऊक आहे त्यांना बांध म्हणजे काय ते सांगायला नको. माणूस एकवेळ बायकोचं माहेर विसरेल, बांधाची जागा विसरणार नाही. पण आम्ही तर बांध फोडून वर चार महिने ड्रम फिरवायचो. खूण राहणार कशाची? म्हणून मी एक हुशारी काढली होती. पीच दरवर्षी एकाच जागी टाकायचं आणि मे महिन्यात पीचच्या कडेपासून सात पावलं मोजून बांध घालायचा. पावलं मंडळाच्या खजिनदाराची, कारण तो मोजून चालायचा. पाचसहा वर्षं बिनतक्रार चाललं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

नव्वदच्या पुढे एका वर्षी विठ्ठलवाडीच्या टीमकडून एक फास्ट बोलर आला. बसडेपोजवळच्या चाळीत राहणारा, उंच, काळा चष्मा लावून बोलिंग टाकणारा. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी तो पीच बघायला आला, दोनतीनदा पळून पाहिलं आणि माझ्याकडे आला.

"सेक्रेटरी, माझा पाय पडतो तिथं खड्डा आहे."

"भरून देतो ना."

"भरलेल्यात पाय मुरगळतो. पीच सरकव, नायतर आपण नाय खेळणार. बोल."

त्याच्या नावाची पोस्टरं बदलापूर स्टेशनपर्यंत चिकटवलेली. आम्ही त्याच दुपारी नवी माती टाकून पीच जरासं सरकवलं. तात्यांच्या शेताच्या बाजूला. तो खेळला, पहिल्याच ओव्हरमध्ये छत्तीसगढपर्यंत जाईल असा एक सिक्स खाल्ला, त्याची टीम हरली आणि तो गेला. मे महिन्यात खजिनदारानं नेहमीप्रमाणे पीचपासून सात पावलं टाकली, आम्ही माती ओढून टुमदार बांध घातला आणि घरी जाऊन आंबे खाल्ले. पीच सरकवलेलं होतं हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दारात.

"सेक्रेटरी, माझं शेत आखडलंय."

"शेत कसं आखडेल, तात्या?"

"मी अनवानी चाललो. जिथं पाय सपाटीला पडायचा तिथं बांध लागला. दोन हात जमीन गेली माझी. दोन हात!"

माझ्या डोळ्यांपुढे तो काळा चष्मा आला. मी सगळं कबूल केलं. पीच सरकवलं, पण हातभरच सरकवलं असेल, असं म्हणालो. मागून आलेला खजिनदार म्हणाला, वीतभर. तात्या म्हणाले, "दोन हात. आणि बांध सरकला नाय तं दिवाळीनंतर माझ्या शेतात वाल. ऐकलंस? वाल पेरीन. मग खेळा वालात."

भात कापल्यावर ओलीवर वाल पेरला की मार्चपर्यंत शेत अडकलं. म्हणजे स्टेडियम संपलं.

मी धावत काकांकडे गेलो. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "बांध होता तिथंच हाय. एक बोट जरी हलवलास तं मी पण वाल पेरीन."

झालं! बांध हलवला तर काकांचा वाल, नाही हलवला तर तात्यांचा. सरकारी मोजणी मागवावी, असं हेडमास्तरांनी सुचवलं. पण मोजणीवाला येईपर्यंत दोघे भाऊ आणि आमचे गुडघे शिल्लक राहतील की नाही, याची शंका होती. मी रोज कंपनीतून येऊन दोन घरांत चहा प्यायचो आणि दोन्ही घरांत शिव्या खायचो. तात्या म्हणायचे, "तो पहिल्यापासून लबाड." काका म्हणायचे, "तो पहिल्यापासून रडका." दोघांचा पहिल्यापासूनचा अभ्यास दांडगा होता.

असा जून उजाडला, पाऊस लागला, चार दिवस धरून पडला. पाचव्या दिवशी सकाळी तात्यांच्या पत्नी (आम्ही त्यांना काकू म्हणायचो) मुठे धरायला टोपली घेऊन शेतावर गेल्या. मुठे म्हणजे शेतातले काळपट खेकडे. उन्हाळाभर ते बांधाच्या पोटात खोल बिळं करून पडून असतात आणि शेतात पाणी आलं की वर येतात. थोड्याच वेळात काकूंचा आवाज अख्ख्या गावात ऐकू आला. माझ्या लाउडस्पीकरला तो कधीच जमला नव्हता.

"अवो, हिकडं या! मुठे बघा कसे रांगेत बसलेत!"

आम्ही सगळे छत्र्या घेऊन धावलो. आमच्या नव्या टुमदार बांधात एकही बीळ नव्हतं. त्यात राहायला येण्याइतका त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नसावा. पण बांधापासून थोडं अलीकडे, काकांच्या बाजूला, सपाट शेतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या मातीच्या गोळ्या वर आल्या होत्या आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एकेक मुठा नांग्या वर करून बसला होता. आम्ही वरचा बांध फोडला, पण त्यांची खालची घरं शाबूत होती. बिचारे चार महिने आमच्या मॅचखाली झोपले होते आणि आता उठून आपल्या दारात आले होते.

काकू म्हणाल्या, "मुठा खोटं बोलत नाय. हाच तुमच्या बापाचा बांध."

"कशावरून?" काका म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. ते त्या रांगेच्या कडेनं वाकून चालत गेले. मधेच एका मोठ्या बिळापाशी थांबले. बीळ एका पांढऱ्या दगडाच्या खाली होतं. काकांनी दगडावरची माती पायानं बाजूला केली आणि एकदम हसले.

"हे दादाच्या बोटाचं बीळ."

तात्यांनी उजव्या हाताचं बोट मुठीत लपवलं. त्या बोटाच्या पेरावर एक जुना वण होता. लहानपणी पैज लावून त्यांनी याच दगडाखाली हात घातला होता आणि मुठ्यानं तो सोडला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती, पण जागा फक्त दोघा भावांना.

"तूच बोललास, घाल हात, रिकामं हाय म्हणून," तात्या म्हणाले. किती वर्षांनी ते भावाशी बोलत होते कोण जाणे, आणि बोलले ते भांडणच.

"मग रिकामं कुठं होतं? तुझा हात होता की आत."

खजिनदारानं लगेच आमचा बांध आणि बिळांची रांग यांतलं अंतर मोजलं. एक हात आणि वर चार बोटं. तात्यांचे दोन हात नाहीत, काकांचं शून्य नाही आणि माझा हातभरही नाही.

तात्यांचा चेहरा पडला. "खेकडेसुद्धा ह्याच्याच पार्टीचे."

"वरची चार बोटं उगाच दिली त्यांनी," काका म्हणाले.

आता मैदानाचं काय, हे विचारायची ही वेळ नव्हती. पण मी सेक्रेटरी होतो. मी विचारलं. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "खेळा. पण बांध ह्यापुढं मंडळानं घालायचा नाय. आमचा बांध आम्ही घालू."

"आत्ता घालू," काका म्हणाले. "मुठे उठून जायच्या आत."

आणि दोघांनी फावडी घेतली. तात्या ओढ्याच्या टोकाकडून, काका गाडीवाटेच्या टोकाकडून. बिळांच्या रांगेवर चिखल ओढत, पाठीवर पानांची इरली घेऊन, दोघे एकमेकांकडे येऊ लागले. आम्ही काठावर छत्र्यांखाली उभे. काकू पुढे पुढे जाऊन मुठे टोपलीत टाकत होत्या आणि ओरडत होत्या, "अवो थांबा, साक्षीदार पुरताव तुमी!" तात्यांच्या बाजूचा मुठा काकांच्या बाजूला पळाला की तो कुणाच्या कालवणात जाणार यावर वेगळा वाद. अशानं जेवणाची वेळ टळली. पण दोघे थांबेनात. दुसऱ्याआधी फावडं खाली ठेवणार कोण?

शेवटी मधे दोघे समोरासमोर आले. वर बघितलं, खाली बघितलं. आणि खाली बघतच राहिले. दोन बांध एकमेकांना मिळालेच नव्हते. तात्यांचा बांध जरासा काकांच्या शेतात शिरला होता आणि काकांचा जरासा तात्यांच्या. मधे चांगली वीतभर फट, आणि त्यातून पाणी खुशाल वाहत होतं.

मैदान पुन्हा हातचं गेलं, असं मला वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी पुढे झालो आणि म्हणालो, "तात्या, काका, खजिनदाराला सांगून पुन्हा एकदा मोजू या का?"

आणि दोघे भाऊ एका सुरात, एका दमात, हातातली फावडी उगारून माझ्यावर ओरडले, "तू गप रे!"

मग काकांनी एक फावडं चिखल टाकला, तात्यांनी एक टाकला आणि बांध वाकडाच जोडला गेला.