माझी जानवासमची गाडी

समया विकणाऱ्या माणसाला गाडी विकणं सोपं नसतं. चेन्नईच्या त्या शोरूममधल्या विक्रेत्या बाईंना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं. आत शिरलो आणि आधी बोटाच्या पेराने दरवाजा ठोकून पाहिला. कुंभकोणममध्ये आम्ही पितळेचं भांडं असंच घेतो. नाद लांबला तर माल एकसंध, बसका आला तर कुठेतरी जोड आहे. दरवाज्याचा नाद बसका आला.

"सार, ही गाडी आहे," बाई तमिळमधून म्हणाल्या.

"मग वाजत का नाही?"

"बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आतून थर दिलेला असतो, सार."

उत्तर पटलं. पण पटल्याचं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ते दिसलं की सौदा संपला.

गाडी कोणती घ्यायची हे मी घरूनच ठरवून गेलो होतो. माझं रोजचं फिरणं म्हणजे सकाळी दुकान, दुपारी ओतकाम करणाऱ्यांच्या गावात, आणि कधी पापनाशम्, कधी सुंदरपेरुमाळ कोयिल. एवढं फिरून मी संध्याकाळी घरी असतो. पण महिन्यातून एकदोनदा बंगळूरला नाहीतर मदुरैला माल पोचवायचा असतो, आणि तिथे गिऱ्हाईक वाट पाहत असताना गाडीला वीज पाजत रस्त्याच्या कडेला बसणं मला जमणार नाही. माझा स्वभाव तसा नाही. नुसती विजेची नको, नुसती पेट्रोलचीही नको. दोन्ही असलेली, घरच्या प्लगला लावून चार्ज होणारी, उंच, मोठी गाडी हवी होती. पुस्तकात त्याला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. गावात रोजचं विजेवर आणि लांबचं पेट्रोलवर. मालाला जसं बारदान, तसं कामाला वाहन, एवढाच माझा विचार होता. (गाडी मोठी का हवी होती, त्याचं कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.)

किमतीवर बाई हलेनात. "फिक्स्ड आहे, सार," एवढंच म्हणायच्या. फिक्स्ड हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात फिक्स्ड फक्त मरण पाहिलंय. मी उठलो, चपला सरकवल्या आणि निघालो. निघताना छत्री मुद्दाम खुर्चीला टांगून ठेवली. हा आमच्या बाजारातला जुना डाव. छत्री राहिली की परत यायला निमित्त उरतं, परत आलं की बोलणं पुन्हा सुरू होतं आणि मान कोणाचीच जात नाही. पण शोरूमवाले फारच सभ्य निघाले. मी पायरी उतरतो न उतरतो तोच दारावरचा माणूस धावत आला, छत्री हातात दिली आणि वर सलाम ठोकला.

आता परत कसं जायचं? दहा पावलं चालून गेलो, छत्री उघडली, मिटली, आणि सरळ आत येऊन बसलो. बाईंनी कॉफी मागवली. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग मी किमतीचा नाद सोडला आणि दुसरीकडून धरलं. आमच्याकडे जुनं भांडं मोडीत दिल्याशिवाय कोणी नवं घेत नाही. माझी जुनी डिझेल गाडी मोडीत घ्या म्हटलं, आणि तिच्यासाठी असा भांडलो की वरच्या मजल्यावरून मॅनेजर खाली आले. शिवाय चार्जिंगची लांब केबल, पायाखालचे मॅट आणि घरी येऊन प्लग तपासून देणारा माणूस, हे सगळं पदरात पाडून घेतलं. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "सार, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर आम्ही दुकान बंद करू." अशी पावती मला आजवर कोणी दिली नव्हती.

तपासणारा माणूस घरी आला आणि म्हणाला, अर्थिंग कमजोर आहे, नवीन खड्डा लागेल. तांब्याचा पत्रा लागणार होता. तांबं आणि मी विकत आणणार? दुकानातलाच जाड पत्रा काढून दिला. मीठ आणि कोळसा घालून खड्डा भरला. तो माणूस सांगून गेला की जमीन ओली ठेवायची. तेव्हापासून माझी बायको सकाळी तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओतते. आम्हा मराठी माणसांना इथे रायर म्हणतात. शेजारीण एकदा भिंतीवरून विचारत होती, "रायर अम्मा, तिथे कोणता देव पुरलाय?"

गाडी आली त्या आठवड्यात बायकोचा थोरला भाऊ पाहायला आला. सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीही. राहतो तिरुविडैमरुदूरला, बँकेतून निवृत्त झालाय, आणि मत दिल्याशिवाय पाणी पीत नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"भावोजी, ही विजेची का पेट्रोलची?"

"दोन्हींची."

"म्हणजे धड इकडची ना धड तिकडची. उद्या विकायची म्हटली तर घेणार कोण?"

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली होती. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "आपल्यासारखीच आहे रे अण्णा. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी. आपल्याला कोणी घेतलं नाही का इतकी वर्षं?"

अण्णा हसला. मी नाही हसलो. त्याच्या बोलण्याचा मला राग आला तो गाडीमुळे नव्हे. तो राग गाडीपेक्षा खूप जुना होता.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला देवळापासून मंडपापर्यंत उघड्या मोटारीतून मिरवत आणतात. पुढे नादस्वरम्, मागे बायका, देवळाभोवतीच्या चारी रस्त्यांवर माणसं. याला जानवासम् म्हणतात. चाल तमिळ, पण आम्ही ती इतक्या पिढ्या पाळतोय की आता आमचीच झाली. गाडी मुलीकडच्यांनी द्यायची असते.

माझ्या लग्नाच्या वेळी मी सायकलवर भांडी बांधून गावोगाव विकायचो. मुलगी मोठ्या घरची, माझ्यापेक्षा शिकलेली. तिच्या वडिलांना मी आवडलो, कारण मी त्यांना एक वाकडी घागर परत घेऊन बदलून दिली होती. अण्णाला आवडलो नाही. त्या संध्याकाळी मी हार घालून, फेटा बांधून देवळाच्या दारात उभा होतो. सजवलेली पांढरी मोटार समोर होती. तेवढ्यात अण्णाला कळलं की त्यांचे कोणी मोठे अधिकारी पाहुणे रेल्वेने येऊन स्टेशनवर उतरतायत. तो स्टिअरिंगवर बसला आणि मोटार घेऊन गेला, फुलांसकट. मला म्हणाला, "तुम्ही काय, आपलेच. मागून या."

मागून म्हणजे रुखवताच्या टेंपोतून. मुलीला द्यायची भांडी त्यात रचलेली होती. ती सगळी माझ्याकडूनच घेतलेली, मीच घासून पाठवलेली. त्या भांड्यांत मी फेटा बांधून बसलो. समई पडू नये म्हणून दोन्ही गुडघ्यांत धरली होती. नादस्वरम् वाजवणाऱ्यांना कळेना की टेंपोपुढे वाजवायचं का नाही. रस्त्यावरची माणसं हात जोडत होती. मला का समईला, ते माहीत नाही.

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. पण दुकान घेतलं, दुकानाचा मजला चढवला, मुलींची लग्नं थाटात केली, तेव्हा प्रत्येक वेळी तो टेंपो आठवला. मोठी गाडी हवी होती ती यासाठी.

गेल्या वर्षी अण्णाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. जानवासमची गाडी मुलीकडच्यांची, म्हणजे अण्णाची जबाबदारी. त्याने तंजावरहून एक जुनी, उघडी, लाल मोटार भाड्याने सांगितली. मला विचारलं नाही. मीही म्हटलं नाही की माझी घ्या. न मागता दिलेल्या मालाला बाजारात किंमत नसते.

तरी खरं सांगतो, त्या दिवशी मी गाडी रात्रभर चार्जला लावून धुवून पुसून निघालो, आणि तिरुविडैमरुदूरपर्यंतचा एवढासा रस्ता असूनही बटण दाबून तो पेट्रोलवर केला. बॅटरी भरलेली ठेवली. बायकोने विचारलं, "आज हा उधळेपणा कशाला?" मी म्हटलं, "दुकानदाराने माल तयार ठेवावा."

संध्याकाळी देवळापाशी सगळं जमलं. नवरा मुलगा हार घालून लाल मोटारीत चढला, नादस्वरम् सुरू झालं आणि मोटारीच्या तोंडातून वाफ निघाली. ड्रायव्हरने झाकण उघडलं, पाणी ओतलं, आणखी वाफ निघाली. मुलगा खाली उतरला. मंडपात वाङ्निश्चयाची वेळ होत आली होती. मुलाची आई ओठ घट्ट मिटून उभी होती. हारासकट रस्त्यात उभं राहणं काय असतं, ते तिथे फक्त मला माहीत होतं.

बायको माझ्याकडे आली. "अण्णा म्हणतो, आपली गाडी..."

"अण्णाला तोंड नाही?"

"अहो, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे."

मग अण्णा स्वतः आला. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं.

"भावोजी."

"बोला."

"तुमची ती गाडी..."

"कोणती? धड इकडची ना तिकडची, ती?"

"तीच." त्याने घाम पुसला. "भावोजी, माझ्या मुलीसाठी तुमची गाडी द्या. मी मागतोय. सगळ्यांसमोर मागतोय."

मी आणखी ताणू शकलो असतो. पण भाव कुठे सोडायचा, हे ज्याला कळत नाही त्याने दुकान काढू नये. "देतो," म्हटलं, "एक अट. पुढे माझ्या शेजारी तुम्ही बसायचं."

वरची काच उघडली. मुलगा मागच्या सीटवर उभा राहून छतातून बाहेर आला. त्याआधी मी त्याला चपला काढायला लावल्या आणि सीटवर माझं नवं उपरणं अंथरलं. जावई असला तरी सीट नवी होती.

आणि माझी गाडी निघाली. इंजिन गप्प, वाफ नाही, धूर नाही, माणसाच्या चालीने. नादस्वरम् इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. वाजवणारा सारखा मागे वळून पाहायचा. पहिल्या वळणावर वाजवणं थांबवून काचेपाशी आला, "रायरे, गाडी बंद पडली का?"

"चालू आहे! तुम्ही वाजवा!" मी ओरडलो. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. माझी छाती स्टिअरिंगला टेकली असेल.

दुसऱ्या रस्त्यावर मी इतकी वर्षं घासून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "अण्णा, माझ्या जानवासमची मोटार तुम्ही स्टेशनवर नेली होती."

वाटलं होतं, म्हणेल आठवत नाही.  तो म्हणाला, "तो साहेब आलाच नाही."

"काय?"

"आला नाही तो. गाडी येऊन गेली, मी फलाटावर उभा. रिकामी मोटार घेऊन परत आलो. तोवर तुमचा टेंपो मंडपाशी पोचला होता. तुम्ही समई घेऊन उतरत होता. ते पाहिलं आणि मोटार पलीकडच्या गल्लीतच लावली. पुढे यायला लाज वाटली."

"रिकामी?" मी ब्रेकच दाबला. वर नवरा मुलगा हेलकावला. "माझी मोटार रिकामी फिरली?"

"हळू, भावोजी. मुलगा वर आहे."

मंडपाशी पोचलो. मुलाला ओवाळून आत नेलं. मी गाडी बाजूला घ्यायला निघालो, तर अण्णा दार धरून उभा.

"बॅटरी उरलीय का?"

"अर्ध्याच्या वर आहे. का?"

"उतरा. मागे बसा." त्याने बहिणीला हाक मारली. "ये ग, तूही बस."

बायकोला काही कळलं नाही, पण ती बसली. अण्णा स्टिअरिंगवर बसला आणि आम्हा दोघांना घेऊन त्याच चार रस्त्यांवरून निघाला. पुढे वाजंत्री नव्हती, माणसं मंडपात गेली होती. ओसरीवरचे म्हातारे मात्र अजून बसले होते. त्यांना वाटलं, मिरवणूक राहिलीय, म्हणून त्यांनी हात जोडले. या वेळी ते मलाच होते.

मी मागून ओरडत होतो, "क्लच शोधू नका, नाहीये! ब्रेक हळू! डावीकडे गाय!" अण्णा म्हणत होता, "नवरदेवाने गप्प बसायचं असतं." बायको हसून हसून पदराने डोळे पुसत होती.

घरी येऊन मी गाडी प्लगला लावली. बायकोने विचारलं, "फिटलं ना आता?"

"फिटलं कसलं? फेरी त्याची, पण गाडी माझी आणि वीज माझी. जानवासमची गाडी मुलीकडच्यांनी द्यायची असते."

"मग?"

"मग त्याच्याकडे माझं एक जानवासम् अजून बाकी आहे," मी म्हटलं. ती उठली आणि खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतून आली.