शऱ्याची चिप आणि माझा भंडारा

परवा नाशिकला, इंदिरानगरात आमच्या शऱ्याच्या घरी जेवण होतं. शऱ्या म्हणजे शरद, माझा धाकटा दीर... मी लग्न होऊन सायखेड्याला आले तेव्हा हा चौथीत होता, त्यामुळे भाऊजी-बिऊजी काही नाय, सरळ शऱ्या.

आमचे शऱ्यासाहेब रिटायर झाले. चिपच्या कंपनीत ऑपरेशन्स हेड होते... कुठली चिप कधी बनवायची, कुठल्या देशात कधी पोचवायची, सगळं ह्याच्या हातात. मी चिडवायचे, अरे डोळ्याला दिसत नाय असला माल तू विकतो, तुझं गिऱ्हाईक लय भोळं दिसतंय.

जेवणं झाल्यावर पोरांनी त्याला बोलायला उभं केलं. ह्यानं नेमकी भंडाऱ्याची गोष्ट काढली.

बंगळूरला नोकरी लागली तेव्हा मीच त्याला खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी दिली होती. रोज कपाळाला लावूनच कामावर जायचं, हा माझा हुकूम. आता मला काय माहीत, तिथं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा ड्रेस घालून आत जातात आणि धुळीचा कणसुद्धा चालत नाय...

ह्याच्या कपाळावरचा भंडारा झडला. मशीन थांबलं, दिवसभराचा माल फुकट. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, तसा हा बॅग भरून थेट घरी.

रडत रडत मला एकटीलाच सांगितलं. इकडं आमच्या ह्यांनी भावाच्या नोकरीचे पेढे अख्ख्या गल्लीत वाटलेले... मी ह्यांना ठोकून दिलं, कंपनीनं आठ दिवस सुट्टी दिलीय. आणि शऱ्याला मागच्या दारी गाठलं. "कंपनीनं काढलं का तुला? नाय ना? मग तू कशाला स्वतःला काढतो?"

गेला परत. पुढं पहिल्यांदा तैवानला गेला, तेव्हा हे पारावर बसून लोकांना तैवान कुठं आहे ते सांगत होते. चुकीचं सांगत होते, पण काय ती ऐट...

नशीब, परवा शऱ्या माझ्या थापेपर्यंत आला नाय. नवऱ्याशी एवढं मोठं खोटं मी एकदाच बोलले. त्याची गंमतही वाटायची, आणि हे गेल्यापासून टोचायचंही.

सगळे गेल्यावर मी शऱ्याला म्हटलं, तुझ्या दादाला शेवटपर्यंत कळू दिलं नाय बघ मी.

तो हसायलाच लागला. तू कामावर कधी येतो, असं विचारणारं कंपनीचं पत्र पोस्टमननं दादाच्याच हातात दिलं होतं म्हणे. नाशिकरोडला गाडीत बसवताना दादा त्याला म्हणाला, "साहेबाची माफी माग. आणि मला कळलंय हे वहिनीला सांगू नको... मला फसवलं म्हणून लय खुशीत हाय ती."

एवढी वर्षं मी मनातल्या मनात मिरवत होते, आणि हा माणूस पेपराआड हसत असणार...

आता भांडायला समोर नाहीत, म्हणून इथं लिहून टाकते. जिंकलात हो तुम्ही.