डावीकडची काच

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही, बायकोपाशीही नाही. आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं, त्यांच्यासमोर तर तोंडच उघडलं नाही. पण आधी माझा संताप ऐकून घ्या. तो खरा आहे, आणि अजून उतरलेला नाही.

आम्ही बनारसचे मराठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, रामघाटावर वेद शिकवण्यात म्हातारे झाले. मी बँकेत. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, ती मैदागिनच्या चौकात दिवसभर उन्हात तापत उभी असते. अण्णांना आत बसवलं की त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. म्हणून काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घेतली — फिकी, नियमात बसणारी.

लावणाऱ्या दुकानदाराने गालात पान धरून काय बढाया मारल्या! त्याच्यासारखा हात म्हणे अख्ख्या पूर्वांचलात नाही. आणि काम? मागची काच बुडबुड्यांनी भरलेली. एका काचेत चक्क माणसाचा केस अडकलेला. कडा अशा वाकड्यातिकड्या, की दातांनी कुरतडल्यात की काय! कुणाचं डोकं फिरणार नाही? एवढंच मात्र त्याने बजावून सांगितलं होतं, की फिल्म सुकेपर्यंत चार दिवस काचा खाली उतरवू नका.

दुसऱ्याच दिवशी अण्णांना गंगेपलीकडच्या नातेवाइकांकडून घरी आणत होतो. राजघाटच्या पुलावर गाड्या अडकलेल्या. आता, गंगा ओलांडताना तिला नाणं वाहायचं, ही आमच्याकडची सवय. दर वेळी अण्णाच वाहायचे. त्या दिवशी ते माझ्या शेजारी मान टाकून झोपले होते. म्हटलं, झोपू देत, त्यांच्या वाटचंही मीच टाकतो. उजवीकडे समोरून येणारी वाहनं, म्हणून माझ्याकडचं बटण दाबून डावीकडची, त्यांच्या बाजूची काच खाली घेतली. त्यांच्या अंगावरून नाणं फेकलं, ‘हर गंगे’ म्हटलं, काच वर केली. फिल्म दुधावरच्या सायीसारखी गोळा होऊन वर आली.

मग त्यात दुकानदाराचा काय दोष? त्या काचेपुरता काहीच नाही. पण मला तेव्हा फक्त तो केस दिसत होता, ते बुडबुडे दिसत होते. अण्णांना घेऊन तसाच दुकानात गेलो आणि आवाज चढवला. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून आले. काच कुणी उतरवलेलीच नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्याने त्या चुणीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “तो ई अपने आप उतर गया, साहब?”

लोक हसले. त्यांतले निम्मे मला बँकेत पाहणारे. माझे कान तापले. तेव्हा म्हणता आलं असतं — हो, ही मी उतरवली, पण बाकीच्या काचांचं काय? हा केस कुणाचा? माझी बाजू भक्कम होती हो! तरी मी गाडीतून उतरून दाराशी उभ्या राहिलेल्या अण्णांकडे हात केला. “पिताजी ने उतारा होगा। भूल जाते हैं।”

विसरत होतेच ते. नुकती सुरुवात होती — चष्मा, शेजाऱ्यांची नावं. ज्या माणसाने जन्मभर सगळं पाठ ठेवलं, त्याला या विसरण्याची किती धास्ती वाटत असेल? ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, “मी उतरवली का रे?”

इथे मला थांबावंसं वाटतं. पण सांगतो.

तोवरचं खोटं त्या गर्दीसाठी होतं. हा प्रश्न मराठीत होता. त्या रस्त्यावर आम्हा दोघांखेरीज तो कुणालाच कळला नाही. ‘नाही अण्णा, मीच,’ एवढं मी म्हणालो असतो, तर माझं नाक शाबूत राहिलं असतं, आणि अण्णाही. कुणाला पत्ता लागणार होता?

मी म्हणालो, “हो, तुम्हीच. पूल लागला ना, तेव्हा.”

अण्णांनी त्या बढाईखोरापुढे हात जोडले. “गलती हमसे हुई, भइया।” तो एकदम विरघळला. त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, ती काच पुन्हा करून दिली. या वेळी नीट केली. केस दुसऱ्या काचेत होता, तो अजून तिथेच आहे. गाडीत बसलो की मला अजूनही त्या माणसाची चीड येते, आणि ती आली की बरं वाटतं — इतका मी हलकट आहे.

आता अण्णा मला कधीकधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. संध्या करताना मध्येच अडतात आणि ओंजळीतल्या पाण्याकडे बघत बसतात. पण गाडीत बसले की दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवतात, दारालासुद्धा लागू देत नाहीत. परवा पुलावर त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“तूच टाक. मी मागे तुझी काच बिघडवली होती.”

सगळं पुसलं जातंय, आणि जे घडलंच नाही तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलंय. मी नाणं घेतलं. काच खाली केली. टाकलं.

त्या दिवशी अण्णा झोपले होते. काच मी उतरवली.