पंधरावं नाव

असम्प्टा गिल्सेननला मी चाळीस वर्षं ओळखते, आणि त्यातली अडतीस तरी भीत भीत. आमच्या टलीव्हार्ना गावात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. टक्कल पडलेले, नातवंडं झालेले बाप्येसुद्धा ‘बाई’ म्हणतात, कारण शाळेत सगळ्यांनी तिची छडी खाल्लीय. मी एकटी तोंडावर ‘असम्प्टा’ म्हणते. मी पोस्ट चालवते ना! कुणाला कुठून पत्र येतं ते जिला ठाऊक, तिला सगळं माफ असतं.

दिसायला म्हणाल तर पाप्याचं पितर. सायकलवरून जाताना वाटतं, काळा कोट एकटाच चाललाय. पण सत्तावीस मैलांच्या टापूत ज्यांना म्हणून फुटबॉलचं वेड आहे, ते सगळे या बाईला घाबरतात. एकोणीस वर्षं ती आमच्या क्लबची सेक्रेटरी. पर्समध्ये रुमाल, जपमाळ आणि नियमांचं पुस्तक. जपमाळेचे मणी कोरे करकरीत, पुस्तकाची मात्र शिवण उसवलेली.

तिची खासियत म्हणजे हरकत घेणं. आपली पोरं मैदानावर हरली तर ही कागदावर जिंकायची. शेजारच्या ड्रमगोरनवाल्यांचा अठ्ठ्याऐंशी सालचा कप हिनंच काढून घेतला. तोही चर्चमध्ये मिरवून, त्यात व्हिस्की ओतून पिऊन झाल्यावर! त्यांच्या पोरांनी हिच्या सायकलीची हवा किती वेळा काढली असेल. एकदा फाटकाला मेलेला कावळा बांधला. हिनं काय केलं? कावळा सोडला, खोक्यात घातला, माझ्याकडून वजन करून घेतलं आणि ड्रमगोरनचा सेक्रेटरी फिंटन मगोरियन याच्या नावानं पार्सल करून टाकला.

“असम्प्टा, पोस्टानं मढं पाठवता येत नाही गं,” मी म्हटलं.

“कलम दाखव,” म्हणाली.

आता ज्या नियमावरून हे सगळं घडलं तो सांगते. माझा नवरा जन्मभर हा खेळ बघतोय आणि त्याला अजून कळलेला नाही, पण तुम्हाला कळेल. आमच्यासारख्या क्लबाचे दोन संघ असतात. पहिला मधल्या गटात खेळतो, दुसरा खालच्या. खालच्या गटाचा कप जो जिंकेल तो पुढच्या वर्षी वर चढतो. मग कुणीही लबाड क्लब पहिल्या संघाचे पैलवान दुसऱ्यात घुसवून कप मारील की नाही? म्हणून वसंतात प्रत्येक क्लबानं आपल्या पंधरा उत्तम खेळाडूंची नावं जिल्हा मंडळाला कळवायची. ज्याचं नाव त्या यादीत, त्याला दुसऱ्या संघाचं दार बंद. यादीत नसलेला गडी पहिल्या संघातून स्पर्धेत एक मिनिट जरी उतरला, तरी त्यालाही बंद. परत खाली यायचं असेल तर जुलै संपायच्या आत लेखी अर्ज, त्यावर खेळाडूची सही आणि सेक्रेटरीची सही. एक ऑगस्टला आलेला अर्ज चुलीत.

असम्प्टा सेक्रेटरी झाली ते सत्त्याहत्तर साल. तिचा धाकटा भाऊ कोलमन तेव्हा वीस वर्षांचा. ती थोरली, हा शेंडेफळ, मधली पाच भावंडं बोस्टनला. आई याच्या जन्माच्या वेळीच गेली, तेव्हा याला हिनंच वाढवलं. पोरगा घरात तिला असम्प्टा म्हणायचा आणि वर्गात हात वर करून “बाई”.

तर पहिल्या वर्षी यादी लिहायला बसली. चौदा नावं ठरलेली होती. पंधराव्या जागी हिनं कोलमनचं लिहिलं. तो काही एवढा मोठा खेळाडू नव्हता हो! पण आपला भाऊ गावच्या पहिल्या पंधरात, ही हिची मिजास. झालं काय, पहिल्या संघाच्या मास्तरनं, म्हणजे कोचनं, त्याला वर्षभर बाकावर बसवलं, आणि दुसऱ्या संघात जायला यादी आडवी. ऑगस्टात पोरगं घरी येऊन म्हणालं, “मला खाली उतरव ना.” तारीख उलटून चार दिवस झाले होते. ही म्हणाली, “नियम म्हणजे नियम.”

त्या वर्षी दुसऱ्या संघानं कप जिंकला. गावानं मैदानावर जिंकलेला तोवरचा एकुलता एक. कोलमनच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांना पदक मिळालं आणि हा बांधावर उभा राहून त्यांचे कोट सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली गादी उचलली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला मामाच्या रिकाम्या घरात नेली. तेव्हापासून एक शब्द नाही. गल्ली एक, फाटकं दोन. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर, तो मागं दाराशी उभा. लग्न त्यानंही केलं नाही. काही सांगायचं झालं तर माझ्या काउंटरवर येऊन सांगायचे. “टेसी, तिला सांग, तिच्या बाजूचं कुंपण पडलंय.” “टेसी, त्याला सांग, त्याच्या गाईनं पाडलंय.” मी काय दोघांची तार होते? पण गंमत बघा, दर वर्षी नवीन नियमांचं पुस्तक पोस्टानं यायचं ते दोन पाकिटांत. एक तिचं, एक याचं.

“तुला कशाला रे पुस्तक?” मी एकदा विचारलं.

“कधीतरी चुकेल ती,” म्हणाला. “त्या दिवशी मला पान माहीत पाहिजे.”

शहाण्णव सालच्या जूनमध्ये, स्पर्धेच्या एका सामन्यात, पहिल्या संघाचे तीन गडी जायबंदी झाले. चौथ्याला पंचानं बाहेर काढलं. मास्तरला कुणी उरलं नाही, तेव्हा प्रेक्षकांत सँडविच खात बसलेल्या कोलमनला त्यानं शेवटची दोन मिनिटं आत ढकललं. एकोणचाळीस वर्षांचा कोलमन! चेंडूला बोटसुद्धा लागलं नाही त्याचं. पण दोन मिनिटं ती दोन मिनिटं. तो झाला पहिल्या संघाचा.

आणि त्याच वर्षी आमचा दुसरा संघ, ज्यात कोलमन गेली अठरा वर्षं लंगडत खेळत होता, एकामागून एक सामने जिंकायला लागला.

सगळा जुलै मी वाट बघितली. मागेल, अर्ज मागेल. पाकीट घ्यायला आला तेव्हा मीच म्हटलं, “जा की रे, सही करून ये. तोंडानं बोलू नकोस हवं तर.”

“एकदा मागितलं होतं,” म्हणाला, आणि गेला.

हिलाही म्हटलं. ही म्हणाली, “अर्ज खेळाडूनं मागायचा असतो. मी घरोघरी फिरून वाटत नाही.”

एकोणतीस जुलैला ही पोस्टात आली. जिल्हा मंडळाच्या नावाचं पाकीट. काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन घेतलं, माझ्याकडे पाठ केली, काहीतरी खरडलं, पाकीट चिकटवलं. “रजिस्टर कर.”

“काय आहे गं?”

“तुझं काम शिक्का मारायचं.”

मारला शिक्का.

ऑक्टोबरात फायनल, समोर कोण तर ड्रमगोरन. दुसऱ्या संघाचा मास्तर मॉसी टॅगर्ट, त्याला ना नियमांचं भान ना जेवणाचं, त्यानं कोलमनचं नाव कागदावर घातलं. कोलमनला पक्कं ठाऊक होतं की आपण बाद आहोत. तरी उतरला. त्याचं गणित सरळ होतं: अडवू दे तिला. सगळ्या गावासमोर भावाला दुसऱ्यांदा मैदानाबाहेर काढू दे, म्हणजे लोकांना कळेल ही कसली बाई आहे. संघाचा कागद तिच्या सहीला आला. तिनं चष्मा पुसला, पंधरा नावं वाचली, सही केली. कोलमनचं तोंड असं झालं, जसं काही कुणी त्याच्या खालची खुर्ची काढली.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. चिखलातून कोलमन उठला आणि मुठीनं चेंडू दांडीवरून पलीकडे मारला. आमच्या फुटबॉलात हात चालतो, आणि दांडीवरून गेला की एक गुण. एका गुणानं जिंकलो! पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. असम्प्टानं टाळी वाजवली नाही. सँडविचचा डबा बंद केला.

पलीकडच्या बांधावरून फिंटन मगोरियन ओरडला, “जूनमधली दोन मिनिटं, बाई! पुस्तक आहे ना पर्समध्ये? की आज घरी राहिलं?”

मंगळवारी त्यांची हरकत आली. कप गेला तर त्यांना मिळणार, वर तेच चढणार. गावात अशी आग लागली म्हणता! मॉसी माझ्या काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, “दोन मिनिटं कोण धरतं गं?”

“बाई धरतात,” मी म्हटलं. “अठ्ठ्याऐंशीचा कप तिनं त्यांच्या एका गड्याच्या दीड मिनिटावर आणलाय. तेव्हा तू नाचला होतास, मॉसी. शर्ट काढून.”

“मग तिनं सही का केली? मुद्दाम! भावाला नागवायला सगळं गाव बुडवलं म्हातारीनं!”

अर्ध्या गावाचं हेच म्हणणं. उरलेलं अर्धं कोलमनला शिव्या देत होतं.

सुनावणीला तिला मीच गाडीतून नेलं. कोलमन मॉसीच्या गाडीत. वाटेत मी विचारलं, “पर्समध्ये काय आहे?”

“रुमाल,” म्हणाली.

लांब टेबलामागं मंडळाचे पाच जण, मध्ये अध्यक्ष. फिंटननं घसा साफ करून वाचलं. तारीख, मिनिटं, पंचाचा अहवाल, सगळं चोख. एवढं चोख की मला वाटलं, हा हिच्याकडूनच शिकला.

अध्यक्ष म्हणाले, “बाई, काही म्हणायचंय?” तेही आमच्याच शाळेतले.

तिनं पर्स उघडली आणि कागदाची नक्कल टेबलावर ठेवली. कोलमन गिल्सेनन याला खाली उतरवण्याचा अर्ज. मंडळाचा शिक्का, तारीख तीस जुलै. खाली दोन सह्या.

मंडळाच्या कारकुनानं फाइल चाळली. मूळ कागद निघाला, मान्य झालेला. मला माझं दोरीचं पेन आठवलं आणि मी छताकडे बघायला लागले. पोस्टातल्या बाईला काही दिसत नसतं.

फिंटन काही येडा नाही. त्यानं कागद उचलला, उजेडात धरला. “दोन्ही सह्या एकाच हातच्या आहेत. विचारा त्याला. ही सही तुझी आहे का म्हणावं.”

अध्यक्षांनी कागद कोलमनपुढे सरकवला. “तुझी आहे?”

आता बघा. तो “नाही” म्हणाला, तर खोटी सही करणारी सेक्रेटरी जन्मभरासाठी बाहेर. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते पान त्याच्या हातात होतं. पण पदकही जाणार होतं. “हो” म्हणाला, तर पदक त्याचं, आणि तिचे उपकार डोक्यावर. यातलं काय कडू, ते त्याचं त्याला ठाऊक. कागदाकडे बघत बसला. तिच्याकडे नाही. तीही खिडकीबाहेर बघत होती, जशी परीक्षेच्या वेळी बघायची.

“माझी आहे,” कोलमन म्हणाला.

“खोटं!” फिंटन ओरडला. “अक्षर बाईंचं आहे!”

“लिहायला बाईंनीच शिकवलंय मला,” कोलमन म्हणाला. “अक्षर त्यांच्यासारखं नाही येणार, तर काय तुझ्यासारखं येईल?”

अध्यक्ष खोकले. मला तर वाटतं हसले. हरकत फेटाळली.

बाहेर गाड्यांपाशी मी मध्ये, ती एका बाजूला, तो दुसऱ्या.

“टेसी, तिला सांग,” कोलमन म्हणाला, “यानं काही फिटलेलं नाही.”

“टेसी, त्याला सांग, फेडायला कोण गेलंय? आणि सांग, त्याचं अक्षर माझ्यासारखं कधीच नव्हतं. कोंबडीचे पाय.”

“मी थंडीनं मेले, हे कोणाला सांगू?” मी म्हटलं. दोघं आपापल्या गाडीत जाऊन बसले.

पदकं वाटली तेव्हा सेक्रेटरी म्हणून तीच वाटत होती. त्यानं हात पुढे केला, तिनं पदक ठेवलं, बोटाला बोट लागू दिलं नाही कुणी. मी नीट बघत होते.

मग आली डिसेंबरची वार्षिक सभा. शाळेच्याच खोलीत. तिनं अहवाल वाचला, पुढच्या वर्षी दुसरा संघ वर चढणार असल्याचं सांगितलं, “मार खायला तयार राहा” असंही म्हणाली. मग पर्समधून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. “आजपासून मी सेक्रेटरी नाही. कारण विचारू नका.”

कारण मला माहीत होतं. दुसऱ्यांची दीड मिनिटं मोजलेल्या बाईला आता ते पुस्तक हातात धरवत नव्हतं. मॉसीनं तेवढ्यात हात चोळायला सुरुवातही केली, “बाई, तुमची उणीव फार...”

“बाई.”

मागं दाराशी कोलमन उभा होता. हात वर केलेला, शाळेत करायचा तसा.

“हरकत आहे. राजीनामा सभेच्या सात दिवस आधी लेखी लागतो. क्लबाची घटना, कलम एकवीस.”

तिनं चष्मा खाली ओढून त्याच्याकडे बघितलं. “बावीस.”

“एकवीस.”

तिनं टेबलाच्या खणातून घटनेची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली. बराच वेळ वाचत होती. मग बसली. पेनाचं टोपण काढलं आणि सभेच्या वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, “कलम एकवीस. हरकत मंजूर.”

कुणी हसलं नाही. हसायची टाप नव्हती.

“आणि दार लाव,” ती वर न बघता म्हणाली. “एकोणीस वर्षं तिथं उभा राहून गार वारा आत येऊ देतोयस. बूट पूस आधी.”

त्यानं बूट पुसले. कुरकुरत, पण पुसले.