चाकांचं विमान

दुसरं विमान घेतलं तेव्हा मी उडवण्यात तरबेज झाले होते, असं कुणी समजू नये. नवशिकीच होते, अजूनही आहे. पहिल्या विमानाचं नाक इतक्या वेळा चिकटवलं होतं की त्यात फोम कमी आणि चिकटपट्टी जास्त झाली होती. पण ते गरीब स्वभावाचं होतं. वेग बेताचा, आणि रिमोटच्या दांड्या सोडून दिल्या की हवेत आपोआप सरळ व्हायचं. चाकणच्या कंपनीत आठवडाभर पार्ट तपासून डोळे शिणलेल्या बाईला तेवढंच हवं होतं. मी काही न करता सरळ होणारी घरादारात दुसरी एकही गोष्ट नव्हती.

त्या विमानाला चाकं नव्हती. ते कुणीतरी हातानं हवेत सोडावं लागायचं, आणि ते काम माझ्या वडिलांचं होतं.

पप्पांची उमर पिंपरीच्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सकाळी डबा भरायच्या वेळेला ते उगाच स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे, आणि आई करवादायची. अशात मी विमान आणलं. पहिल्याच रविवारी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले आणि त्यांना त्या फेकण्याची गोडी लागली. आधी चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. मग वाऱ्याकडे तोंड करून थोडं पळायचं आणि विमान खांद्याच्या रेषेत अलगद ढकलून द्यायचं. शनिवारी संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलेल्या मित्रांना ते सांगायचे, "उद्या जमायचं न्हाई राव, ड्यूटी हाय." आठवड्यातली तेवढीच एक ड्यूटी त्यांना उरली होती.

विमान गरीब असल्यामुळे मला त्याच्यावरून नजर काढता यायची. अशीच एकदा मागे वळले तर पप्पा माझ्याकडे पाठ करून उजवा खांदा दाबत होते. पुढच्या रविवारीही तेच. विचारलं तर म्हणाले, "कुठं काय? कायबी न्हाई." घरात मात्र बामचा वास भरून राहिलेला. त्यांनी दुखणं कबूल केलंय असं मी जन्मात पाहिलेलं नाही. तेव्हा वाद न घालता मी चाकांचं विमान मागवलं. चाकणच्या पलीकडे आम्ही जायचो त्या प्लॉटिंगवर घरं एकही नव्हती, पण आतले डांबरी रस्ते तयार होते. त्यावरून विमान आपलं आपण पळेल, वर जाईल. पप्पांसाठी मी घडीची खुर्चीसुद्धा घेतली. वर स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्या रविवारी खरं तर अंगात त्राण नव्हतं. आदल्या दिवशी ओव्हरटाइम झाला होता. ज्या तळवडे-चाकण रस्त्यावर आठवडाभर ट्रकांचा धूर खाते, त्याच रस्त्यानं सुट्टीच्या दिवशीही जायचं म्हणजे जिवावर येतं. पण पप्पा इस्त्रीची पँट घालून दारात तयार उभे होते.

प्लॉटिंगवर पोचल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे माती सोडून वारा पाहिला आणि हात पुढे केला.

"पप्पा, हे रस्त्यावरून पळत जाऊन उडतं. फेकायचं नाही. तुम्ही बसा खुर्चीत."

"मग मी काय करू?"

"बघा की आरामात."

ते खुर्चीत बसले. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे बसले. मला वाईट वाटलं, आणि माझं कौतुक कसं नाही म्हणून थोडा रागही आला.

विमान सुरेख पळालं, सुरेख उडालं. पण ते गरीब नव्हतं. एका अंगावर कललं की कललेलंच राहायचं. दांड्या सोडून चालत नव्हतं, क्षणभर दुसरीकडे बघून चालत नव्हतं. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलट होतं, हे मला पाठ होतं. पण शिणलेल्या डोक्याला ते वेळेवर सुचलं नाही. मी उलटी दांडी दाबली आणि विमान शेजारच्या कांद्याच्या वावरात गेलं.

पप्पा खुर्चीतून ताडकन उठून गेले. बराच वेळ वाफ्यांत वाकून शोधत राहिले. परत आले तेव्हा विमान जवळपास धड होतं. नाकावरचा पंखा मोडला होता आणि एक चाक नव्हतं.

"चाक काय घावलं न्हाई," ते म्हणाले. मी बघायला निघाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उन्हाचं कशाला? आता हे फेकूनच उडवावं लागंल."

घरी आल्यावर मी कपडे मशीनला लावत होते. खिसे तपासायची मला सवय आहे. पप्पांच्या पँटच्या खिशात चाक निघालं, माती लागलेलं.

त्यांच्या खांद्यासाठी मी चाकं आणली होती, आणि ते खांदा दुखवून घ्यायला तयार होते, पण खुर्चीत बसायला नाही. रडू आलं, हसूही आलं. दोन्हीची ताकद नव्हती.

मी चाक धुतलं. पँट वाळली, इस्त्री झाली, तसं ते परत त्याच खिशात ठेवलं. नवा पंखा बसवला आणि उरलेलं चाक तारेसकट उपसून काढलं.

पुढच्या रविवारी निघताना पप्पांचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा लावत होते, तो लावतच राहिले. घडीची खुर्ची आम्ही दोघांनीही घेतली नाही.

प्लॉटिंगवर त्यांनी माती सोडली. "सोडू का?" त्यांनी विचारलं.

"सोडा."

हे विमान जड होतं. त्यांनी दात आवळून ते ढकललं, आणि ते झकास वर गेलं. माझ्या मागे त्यांची पावलं थोडी लांब गेली, मग थांबली. खांदा दाबताना त्यांच्या तोंडून येतो तो बारीक आवाज मी ऐकला.

मी वळून पाहिलं नाही. या विमानावरून नजर काढता येत नाही, हे आता त्यांनाही माहीत होतं.